जावावाल्यांच्या खानावळीत तुम्ही माझी वाटी ओढलीत

तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले. पाहुणे पांगले, अंगणातला मांडव निघाला, आणि मी काशीची शाळेतली अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन ओट्यावर बसले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना वाटतं, मी रामनाम लिहिते आहे. मी तुमच्याशी भांडते आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बायकोचा उपयोग तुम्ही बियांच्या पुरचुंड्यांवर नावं लिहून घेण्यापलीकडे कधी केला नाहीत, तो आता मीच करते.

आज सकाळपर्यंत इतक्या दिवसांत मी रडले नव्हते. पहिल्या दिवशी तुमच्या चुलत बहिणीनं माझे खांदे धरून हलवले. "रड वं माय, मोकळी हो," म्हणाली. तेव्हा मी नुसती बधिर होते. सहाव्या दिवशी अकोल्याचे गफूरभाई येऊन गेले, आणि तेव्हापासून मला संताप आवरत नाही. संतापलेल्या माणसाला रडू येत नाही, निदान मला तरी येत नाही.

गफूरभाई काय बोलले ते पुढे लिहीनच. आधी मुंबईचं लिहिते. ती गोष्ट तुम्ही सात वर्षं चारचौघांत सांगत आलात, आणि दर वेळी माझी फजिती म्हणून सांगत आलात. आता जरा मी सांगते, तुम्ही ऐका. मध्ये बोलायची सोय तुम्हाला आता नाहीच.

लढाई पेटायच्या आदल्या वर्षीचा तो वैशाख. भातकुलीच्या वाटेवरच्या आपल्या वाडीतली वांगी आणि झेंडू अमरावतीच्या बाजारात जायचे, आणि मिरची जायची अकोल्याला, गफूरभाईंच्या अडतीवर. या गफूरभाईंनीच तुमच्या डोक्यात किडा सोडला. मुंबईत गोदीच्या मागे जावा बेटावरची एक मंडळी खानावळ चालवतात, त्यांच्या दारात डब्यांमध्ये मिरच्या लावल्या आहेत, करंगळीच्या नखाएवढ्या, आणि त्या खाली लोंबत नाहीत, आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. झालं! तुमचं ताटावरचं लक्ष उडालं. मला मात्र काय सांगितलंत? "काशीची माय, चाल, तुले समुद्र दाखोतो."

समुद्र दाखवलात, खोटं कशाला बोलू? पुडीतले फुटाणे संपेपर्यंत दाखवलात. फुटाणे संपले तसे उठलात आणि म्हणालात, "पाह्यला न? पानीच त हाये. चाल आता."

बी मागायचं तर असं तोंड वर करून मागता येत नाही, ही आपल्या घरची रीत. बियाण्याला बियाणं द्यायचं, आणि ज्याच्या घरचं न्यायचं त्याच्याकडे आधी दोन घास खायचे. त्याचं अन्न पोटात नसलं तर बी रुसतं, मातीत पडून राहतं, असं मामंजी म्हणायचे. तुम्ही आपल्या मिरचीचं बी उपरण्याच्या गाठीत बांधून आणलं होतंत. कामासाठी मुंबईला आलेले गफूरभाई वाट दाखवायला पुढे चालत होते. म्हणजे बडनेऱ्यापासून मुंबईपर्यंत मी गाडीत अवघडून आले ती समुद्रासाठी नाही, तर तुमच्या मिरचीसाठी, आणि हे मला गल्लीच्या तोंडाशी कळलं.

मी तिथेच थांबले. "मी नाई येत. तुमी जा, खा, काय आनायचं थे आना."

"अवं, येकट्यानं खाल्लेलं चालते काय? घरधनीन संगं पायजे," तुम्ही म्हणालात. हे मामंजी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. तुम्ही ते जागच्या जागी रचलंत.

शिवाशिवीचं म्हणाल तर मामंजींनी ती घरातून कधीच हद्दपार केली होती. माझं घोडं अडलं होतं नवसापाशी. काशी पाच वर्षांची असताना विषमज्वरानं एकवीस दिवस पडून होती. डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा मी अंबादेवीपुढे पदर पसरून म्हटलं होतं, माझी पोर राहू दे, जन्मात मास-मच्छी तोंडात घालणार नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याआधी मी आवडीनं खायची. माहेरी वांग्यात वाळलेले झिंगे टाकायचे, त्या भाजीवर मी दोन भाकरी चढवायची. पण तो दिवस आणि हा दिवस. तुम्ही हसायचात, "देवीले तुह्या भाजीचं काय करायचं हाये?" म्हणायचात. माझ्या लेखी मात्र तो नवस म्हणजे काशीचा जीव होता. नवस मोडला तर पोर गेली, इतकं ते सरळ होतं, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी उन्हात उभं राहवेना म्हणून आत आले. दोन टेबलं, चार बाकं, मागे पडदा, पडद्यामागे चूल. म्हातारा मालक पूर्वी आगबोटीवर स्वयंपाकी होता. त्याची बायको रांधायची, दोघी मुली वाढायच्या, आणि जावई कोपऱ्यात बसून भांडी घासत होता. जावयाला भांडी घासताना पाहून तुमचा आ वासला आणि मला बरं वाटलं. मुली म्हातारीला इबू म्हणत. इबू म्हणजे आई, असं गफूरभाईंनी सांगितलं. आत मासळीचा वास होता. मी नाकाला पदर लावला तशी तुम्ही म्हणालात, "गोदीचा वास हाये थो." मीही मान डोलावली.

आणि मग मला भिंतीवरची सीता दिसली. कातड्याची, जाळीदार कोरलेली, लांब नाकाची बाहुली. मी ओळखली नसती, पण म्हाताऱ्यानं हातांनी हरणाची शिंगं करून दाखवली, मग दहा बोटं नाचवून दहा डोकी दाखवली, आणि मी चटकन हात जोडले. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या मुलखात रात्ररात्र या बाहुल्या नाचवून रामायण सांगतात म्हणे. थोड्या वेळानं इबूनं त्याच सीतेखाली चटई अंथरली आणि नमाज पढली. मी गोंधळून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "सीता तिची, नमाज तिचा. तुले भूक लागली न? मंग जेव."

इथे चूक माझी, ती मी कबूल करते. ज्या घराच्या भिंतीवर सीतामाई आहे त्या घरच्या शेंगदाण्याच्या आमटीत मासळी असेल, हे माझ्या वऱ्हाडी डोक्यात शिरलंच नाही. तरी मी गफूरभाईंना तीन-तीनदा विचारायला लावलं. मास नाही ना? मच्छी नाही ना? अंडं नाही ना? इबूनं माझ्या ताटलीतलं अंडं उचललं, छातीवर हात ठेवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "मच्छी नहीं, माँ, मच्छी नहीं." माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई मला माँ म्हणत होती. मी विरघळले.

पानकोबी, शेंगा, मोडाचे मूग, काकडी, सगळं नुसतं वाफवलेलं. आजाऱ्याचं जेवण दिसतं, असं मी मनात म्हटलं. मग तिनं वर ती आमटी ओतली आणि शिवाय वाटीभर बाजूला ठेवली. घट्ट, चिंचगुळाची, झणझणीत. शेंगदाण्याचं कोणी मला शिकवावं असं आपल्याकडे काही नाही, कूट, चटणी, आमटी सगळं हातचं आहे. पण हे काही निराळंच होतं. जिभेला कुठेतरी माहेरी गेल्यासारखं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं. सोबत हातभर मोठे, पांढरे, फुललेले पापड. मी पहिली वाटी संपवली. दुसरी मागितली. धर्मशाळेत तीन दिवस कोरड्या दशम्या खाल्लेल्या बाईनं दुसरी मागितली तर काय बिघडलं?

तेवढ्यात तुम्ही आणि गफूरभाई बी मागायला पडद्यामागे गेलात. बाहेर आलात तेव्हा तुमच्या मुठीत मिरच्या होत्या आणि तोंड असं झालं होतं, जसं काही बियाणं नाही, वाईट बातमी मिळाली आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि माझ्यापुढची अर्धी वाटी ओढून घेऊन तोंडाला लावलीत. घटाघटा. मग माझ्या हातातला पापड घेतलात. चारचौघांत, परक्या गावात, परक्या मुलींसमोर, बायकोच्या उष्ट्या वाटीला तोंड! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माह्या वाटीतलं काहून खाऊन राह्यले? मांगा न दुसरी!"

"भूक लागली," तुम्ही म्हणालात. आणि घटकेपूर्वी तुम्ही दोन ताटं रिचवली होतीत.

पुढे सात वर्षं ही गोष्ट तुम्ही कशी सांगितलीत? "आमची काशीची माय जावावाल्याकडे अशी तुटून पडली का दोन वाट्या हानल्या, तिसरी मांगनार व्हती, म्या हातातून हिसकली म्हनून बरं." लोक पोट धरून हसायचे. मी भाकरी थापता थापता तोंड फिरवायची. तिसरी मी मागितलीच नव्हती. हे मी तुम्हाला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि तुम्ही पन्नास वेळा म्हणालात, "मांगनार व्हती."

त्या मिरच्या उगवल्या. आभाळाकडे तोंड करून उगवल्या आणि इतक्या तिखट निघाल्या की बाजारात कोणी हात लावेना. पोपटांनी खाल्ल्या. तरी दर वर्षी एक वाफा त्यांचा ठेवलातच, वांग्याची जागा अडवून.

आणि मी ती आमटी करायला घेतली. शेंगदाणे कधी कमी भाजले, कधी जास्त. चिंच बदलली, गूळ बदलला, धणे टाकले, तीळ टाकले, एकदा तर सुकं खोबरं टाकून पाहिलं. सगळं व्हायचं, पण ते होत नव्हतं. काहीतरी राहत होतं. मी वाटी तुमच्यापुढे ठेवायची आणि तोंडाकडे बघत बसायची. "काय कमी हाये?" तुम्ही डोळे मिटून चव घ्यायचात, मोठा विचार केल्यासारखं करायचात आणि म्हणायचात, "मीठ." दर वेळी मीठ! मी मीठ वाढवायची, आमटी खारट व्हायची, ती खारट आमटी तुम्ही मुकाट्यानं संपवायचात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत होती, आणि कळसा कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

मुंबईहून आल्यावर तीन महिन्यांत, श्रावणात, काशीला हिवताप आला. बारा वर्षांची पोर होती. आपल्याकडे हिवताप दर वर्षी कोणाला ना कोणाला येतो, कोयनेल घ्यायचं आणि घोंगडीखाली घाम काढायचा. मी काही घाबरले नव्हते. तुम्ही मात्र वाडी सोडून आठ दिवस तिच्या खाटेशी बसलात. वांगी तोडायला आली होती, गडी येऊन येऊन विचारत होते, आणि तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून बसलेले. मी किती बोलले तुम्हाला! बाळंतिणीसारखे काय बसता, म्हटलं. पोर वाचेल, वांगी जातील, म्हटलं. तुम्ही उलटून एक शब्द बोलला नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिघडलेलं आहे. कारण उलटून बोलला नाहीत असा दिवस मला दुसरा आठवत नाही.

काशी उठली. मग पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला तुम्ही आणि धाकटे नारायण भाऊजी, त्यांच्या अंगणातल्या लिंबाखाली दगडांची चूल मांडून मटण शिजवायचात, वर्षानुवर्षं. मी मसाला वाटून द्यायची, भांड्याला हात लावायची नाही. तुम्ही रश्शाला लागलात की पंगत थांबायची, इतकी तुमची आवड. त्या वर्षी भाऊजींनी वाढलं आणि तुम्ही ताटावर हात आडवा धरलात. "दात हालून राह्यला," म्हणालात. पुढल्या वर्षी म्हणालात, डॉक्टरनं सांगितलं. तिसऱ्या वर्षी, बकरं म्हातारं दिसते. चौथ्या वर्षी भाऊजींनी बोलावलंच नाही. माझ्या घरचं दादाला चालेनासं झालं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. मी तुमच्यामागे लागले, काय असेल ते सांगा तरी. तुम्ही म्हणालात, "काई नाई. आवडत नाई आता." चाळीस वर्षं आवडलेली वस्तू एका पोळ्यात कशी नावडती होते? मी चिडायची. तुम्ही उठून वाडीत जायचात.

आता गफूरभाई. सहाव्या दिवशी दुपारी आले, तुमच्या रिकाम्या बाजेकडे पाहत बराच वेळ बसले, काशीनं दिलेला चहा निवू दिला. मग म्हणाले, "वयनी, येक गोष्ट सात वर्सं पोटात ठेवली. भाऊनं कसम घातली व्हती. आता भाऊच नाई, त कसम कोनासाठी पायू?"

मी म्हटलं, बोला.

"मुंबईले त्या जावावालीच्या चुलीपाशी आमी बी मांगाले गेलो न, तवा थे पाट्यावर मिरच्या वाटून राह्यली व्हती. मंग तिनं डब्यातून येक काळा गोळा काढला अन् त्यात टाकला. भाऊनं हातात घेऊन वास घेतला. झिंगे व्हते, वयनी. कुटून, आंबवून, वाळवून केलेला गोळा. भाऊनं इचारलं, त्या शेंगदान्याच्या आमटीत बी हाये काय हे? थे म्हने, हाये न, त्याच्याबिगर होईन कशी? म्या म्हनलं, बाई, तू त मच्छी नाई म्हनली! थे म्हने, मच्छी कुठं हाये? हे त नमक हाये."

मग माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "अन् पापड?"

गफूरभाईंनी मान खाली घातली. "पापडात बी झिंगेच व्हते, वयनी."

पापडसुद्धा! तीन पापड खाल्ले होते मी.

इबूवर माझा राग नाही. ती खोटं बोलली नाही. आपण वरणात हिंग टाकतो तेव्हा कोणा पाहुण्याला सांगतो का, की यात झाडाचा चीक आहे बरं? तिच्या लेखी ते मीठच. आणि माझ्या जिभेचा तर मला तुमच्याइतकाच राग आला. माहेरचे झिंगे तिनं पहिल्या घासाला ओळखले होते आणि मला पत्ता लागू दिला नाही. तुमच्यासारखीच निघाली ती.

गफूरभाई पुढे म्हणाले, "भाऊ थथीच भिंतीले टेकला. पार पांढरा पडला. मंग म्हने, गफूर, हिले जन्मात सांगजो नको. हे आजपासून झोपनार नाई, पोट्टीच्या तोंडाकडे पाहून पाहून मरून जाईन. म्या म्हनलं, पन भाऊ, नवस त मोडला. त म्हने, तिचा मोडला न? मी पाळतो. देवीले काय, घरातून येक मानूस पायजे."

देवीला काय, घरातून एक माणूस पाहिजे. हे तुम्ही म्हणालात. माझ्या नवसाला हसणारे तुम्ही. देवळात चपला सांभाळायला बाहेर थांबणारे तुम्ही!

मला तुमच्याबद्दल माया वाटली, हे लिहिते, नाही असं नाही. पण ती घटकाभरच. मग एकेक आठवायला लागलं आणि माझा पारा चढत गेला. म्हणून माझी वाटी ओढलीत होय! जेवढं राहिलं होतं तेवढं तरी माझ्या पोटात जाऊ नये म्हणून. मग ते सरळ का नाही केलंत? 'खाऊ नको' म्हणता येत नव्हतं, तर निदान वाटी सांडायची. आणि वर सात वर्षं मला खादाड ठरवलंत. मीठ, मीठ म्हणून मला खुळ्यासारखं नाचवलंत. इबूचं ते नमक तुम्ही माझ्या आमटीत शोधायला लावत होतात आणि मनात हसत होतात, असंच ना? की हसत नव्हतात? हे मला आता कोण सांगणार? तुम्ही आणि गफूरभाई, अळीमिळी गुपचिळी, आणि माझ्याच पोरीच्या जिवाची गोष्ट मला सोडून साऱ्यांना ठाऊक.

तेरवीच्या दिवशीचं तर तुम्ही पाहायला हवं होतं. गेलेल्याच्या आवडीचं पान ठेवायचं, म्हणून नारायण भाऊजी घरून मटणाची वाटी झाकून घेऊन आले. तीन वर्षं आपल्या उंबऱ्याला पाय न लावलेला माणूस. म्हणाले, "दादाले लय आवडे. माह्या हातानं केलं."

मी म्हटलं, "भाऊजी, पानावर हे नाई ठेवता येत."

त्यांचा चेहरा उतरला. "मेल्यावर बी माह्या घरचं नाई चालत काय वं वयनी दादाले?"

सगळी भावकी बघत होती. तुमचं गुपित तुमच्याबरोबर जाऊ द्यावं, असं मला क्षणभर वाटलं. पण तुम्ही गप्प राहिलात त्याचं काय झालं ते माझ्यासमोर हातात वाटी घेऊन उभं होतं. मी सांगून टाकलं. मुंबई, झिंगे, पापड, काशी, सगळं. भाऊजी ऐकत ऐकत खाली बसले. शेवटी एकच बोलले, "म्हंजे दादा माह्यावर रुसला नव्हता?"

"नाई भाऊजी. कवाच नाई."

ते लेकरासारखे हमसून रडले. मग वाटी उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं घरी परत नेली आणि येऊन तुमच्या पानावर वरणभात वाढला. एका शब्दानं हे सगळं टळलं असतं. सख्ख्या भावाचा जीव तुम्ही असा झुरवलात, आणि स्वतःही झुरलात. करीच्या दिवशी त्यांच्या अंगणातला धूर दिसला की तुम्ही वाडीच्या पार टोकाला जाऊन खुरपणी करायचात, ते मी पाहिलेलं आहे.

काशी त्या वेळी आत बायकांत होती, तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही. तिला कसं सांगावं ते मला कळेना. आणि दुसऱ्या दिवसापासून मला एक निराळंच सुरू झालं. काशी अंघोळीला गेली की पाण्याचा आवाज थांबला का ते मी ऐकत राहायची. ती जेवायला बसली की घास मोजायची. नवस माझा मोडलेला, तुम्ही पाळलात, आणि आता पाळणारा गेला. मग आता पोर कोणाच्या भरवशावर? मी स्वतःला समजावत होते की एकोणीस वर्षांची झाली, कडेवर पोर आहे, बार्शीटाकळीला चांगलं घर आहे. काही उपयोग होत नव्हता.

आज सकाळी ती चुलीपाशी होती आणि एकदम खोकत सुटली. मी अंगणातून धावत आत गेले, हातातला झाडू कुठे उडाला कळलं नाही. तिचं कपाळ चाचपलं, डोळे पाहिले, जीभ काढायला लावली.

"अवं माय, काय झालं तुले? फोडनीचा ठसका हाये!" ती म्हणाली.

मी तिचं कपाळ धरून तशीच उभी राहिले. तीन दिवसांत माझा जीव असा टांगणीला लागला होता. तुमचा सात वर्षं लागलेला होता. पोरीनं तिखट खाल्लं, पोर पावसात भिजली, पोरीचं लग्न झालं, पोर बाळंत झाली, आणि दर वेळी तुम्ही एकटे हे असं धरून उभे राहिलात, आणि मी तुम्हाला म्हणत होते, बाळंतिणीसारखे काय बसता.

मग मी काशीला सांगितलं. फोडणी जळाली, पण सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "बाबानं मले काहून नाई सांगतलं? म्या त सासरी दर बाजारी मटन खाऊन राह्यली, अन् बाबा अथी माह्यासाठी उपाशी! अवं, मी जिती हाये न? पाय, हात लाव, जिती हाये." असं म्हणून तिनं माझा हात स्वतःच्या गालाला लावला, आणि ती रडायला लागली, आणि मग मीही. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. चांगली तासभर रडले, तुम्हाला नावं ठेवत.

आता वहीचं पान संपत आलं. देवीचं देवी बघून घेईल, मी उद्या काशीला घेऊन तिच्यापुढे जाणार आहे आणि झालं ते सगळं उघड सांगणार आहे, पापडासकट. माझं भांडण तिच्याशी नाही, तुमच्याशी आहे. माझी पोर, माझा नवस, माझी चूक, आणि भीती तेवढी तुम्ही एकट्यानं घेतलीत. भ्यायचं होतं तर मला सांगून भ्यायचं होतं. घरात दोन माणसं असतात ती कशाला?